मायग्रेनची गोळी: कोणती, यापेक्षा कधी आणि महिन्यातून किती दिवस

महाराष्ट्रात मायग्रेनचं सगळ्यात प्रचलित निदान म्हणजे पित्त. डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी होते आणि उलटीनंतर जरा बरं वाटतं, म्हणजे पित्तच चढलं होतं, असा सरळ हिशोब. मग सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची कॅप्सूल, दिवसभर कोकम सरबत, तिखट बंद. डोकं मात्र ठणकायचं तेव्हा ठणकतंच. या घरगुती निदानात पोटाचं निरीक्षण अगदी बरोबर असतं, फक्त कार्यकारण उलटं लागतं. मायग्रेनची सुरुवात मेंदूत होते आणि त्याच झटक्यात जठराची हालचाल मंदावते. अन्न पुढे सरकत नाही, म्हणून मळमळ. आणि ज्या जठरातून अन्न सरकत नाही त्यातून गोळीही सरकत नाही. गोळीतलं औषध रक्तात जातं ते मुख्यतः लहान आतड्यातून. ती जठरातच पडून राहिली तर कितीही भारी गोळी असो, दुखणाऱ्या डोक्याला तिचा पत्ताच लागत नाही.

‘मला कुठलीच गोळी लागू पडत नाही’ ही मायग्रेनवाल्यांची तक्रार बरेचदा इथून येते. नॅप्रोक्सेनसारख्या वेदनाशामकाबरोबर डॉक्टर डोमपेरिडोन देतात त्याचं कारणही हेच. डोमपेरिडोन उलटी थांबवतं आणि जठराला पुढे चालायला लावतं. मेटोक्लोप्रामाइडही तेच काम करतं, पण तरुणांमध्ये त्याने कधीकधी मान किंवा जबडा वाकडा होऊन आखडतो. दिसायला भयंकर, उपचाराने लगेच सुटतं, तरी आधी माहीत असलेलं बरं. डोमपेरिडोनबाबत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेल्यांनी आणि वयस्कर मंडळींनी जपून राहावं.

आता मुख्य गोष्ट. मायग्रेनच्या औषधांचे दोन वेगळे गट आहेत. एक गट आलेला झटका मोडतो; तो झटका आला तरच घ्यायचा. दुसरा गट झटके कमी येतील अशी व्यवस्था करतो. तो डोकं दुखो न दुखो, रोज घ्यायचा. हे दोन गट एकमेकांच्या जागी वापरले की सगळं बिघडतं, आणि लोक ते सर्रास वापरतात. कुणी प्रतिबंधाची गोळी डोकं दुखल्यावर घेतो आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतो. कुणी झटका मोडायची गोळी ‘आज बाहेर जायचंय, दुखायला नको’ म्हणून आधीच घेऊन ठेवतो. दोन्ही प्रकारांत दोष गोळीवर जातो.

झटक्यात नेमकं काय होतं, तेवढं थोडक्यात. चेहऱ्याची आणि मेंदूभोवतीच्या आवरणाची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस असते. झटक्यात तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं एक छोटं प्रथिन सुटतं. आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वेदनेचे संदेश मेंदूकडे जाऊ लागतात. सुरुवातीचा तासभर ही गडबड बाहेरच्या बाहेर असते. मग मेंदूतली वेदनेची केंद्रंच हळवी होऊन बसतात. केस विंचरणं नकोसं होतं, चष्म्याची काडी टोचते, उशीला डोकं टेकवत नाही. तिथवर पोचलं की बाहेरच्या नसेवर काम करणारं औषध फार काही करू शकत नाही. दूध उतू गेल्यावर गॅस बंद केला तरी ओटा पुसायचा राहतोच, तसं.

म्हणून झटका मोडणाऱ्या औषधाचा पहिला नियम: दुखणं सौम्य असतानाच घ्यायचं, आणि पुरेशा मात्रेत घ्यायचं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. ‘होईल तोवर सहन करू’ म्हणून दुपार काढायची, संध्याकाळी अंधार करून पडायचं आणि मग पॅरासिटामॉलची ५०० ची एक गोळी. प्रौढ माणसाच्या मायग्रेनला पॅरासिटामॉल लागतं ते एका वेळी १००० मिलिग्रॅम, आयबुप्रोफेन ४०० ते ६००, नॅप्रोक्सेन ५०० च्या आसपास, ॲस्पिरिन ९०० ते १०००. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काही असेल तर पॅरासिटामॉल सोडून बाकीची वेदनाशामकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि यकृत बिघडलेलं असेल तर पॅरासिटामॉलही विचारूनच. बऱ्याच जणांचं मायग्रेन एवढ्यावर, म्हणजे योग्य वेळी आणि पूर्ण मात्रेत घेतलेल्या साध्या गोळीवर, आटोक्यात येतं. हे इतकं साधं आहे की सांगायचंच राहून जातं.

तेवढ्यावर भागत नसेल तर खास मायग्रेनसाठीची औषधं. यातलं सगळ्यात जुनं एर्गोटामाइन. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक असतो. त्याच कुळातली बुरशी युरोपात राय या धान्यावर पडते, आणि तसं धान्य खाल्लेल्या मध्ययुगीन गावांत माणसांची बोटं काळी पडून गळायची. कारण त्या बुरशीतली द्रव्यं रक्तवाहिन्या आवळून टाकतात. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला रसायनशास्त्रज्ञ आर्थर स्टोल यांनी त्यातून एर्गोटामाइन वेगळं काढलं आणि पुढच्या दशकात ते मायग्रेनसाठी वापरात आलं. आपल्या मेडिकलमध्ये ते अजूनही मिळतं. ‘वासोग्रेन’ हे नाव बऱ्याच घरांत माहीत असेल. त्यात एर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचं प्रोक्लोरपेराझिन अशी चार औषधं एकत्र आहेत. गुण येतो, हे खरं. पण ट्रिप्टान नावाची नवी औषधं (त्यांच्याविषयी पुढे) मिळत असताना आज या मिश्रणाने सुरुवात करावी असं मला वाटत नाही. एर्गोटामाइन शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि त्याचा परिणाम लांबतो. गरोदरपणात ते चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी अँटिबायोटिकं सोबत घेतली तर रक्तातलं त्याचं प्रमाण धोकादायक चढतं. घसा बसला म्हणून एका डॉक्टरांची चिठ्ठी आणि डोकं दुखतंय म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळी, अशी सांगड आपल्याकडे सहज पडू शकते.

ट्रिप्टानांची गोष्ट जास्त रंजक आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री आणि त्यांचे सहकारी असा रेणू शोधत होते, जो मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाची नक्कल करेल, पण सेरोटोनिनच्या अनेक कुलपांपैकी निवडक एक-दोनच उघडेल. त्यातून सुमाट्रिप्टान निघालं. १९९१ मध्ये ते युरोपात बाजारात आलं. ते डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, शिवाय नसेच्या टोकांतून सीजीआरपी सुटणंच थांबवतं. मायग्रेन समोर ठेवून घडवलेल्या या औषधाने पेशंटांचं आयुष्य किती बदललं, हे ज्यांनी त्याआधीची वर्षं काढली त्यांनाच विचारावं. पुढे याच घराण्यातली आणखी सहा औषधं आली. आपल्याकडे सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान आणि झोल्मिट्रिप्टान ही नावं चिठ्ठीवर दिसतात.

ट्रिप्टान घेताना चार गोष्टी ठाऊक असाव्यात, आणि त्या चिठ्ठीवर सहसा लिहिलेल्या नसतात. डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, चमकणारे ठिपके, म्हणजे ज्याला ऑरा म्हणतात तो चालू असताना घेतलेलं ट्रिप्टान दुखणं रोखेल याची खात्री नसते. दुखायला लागलं की लगेच घ्यावं. गोळीनंतर छातीत, गळ्यात, जबड्यात जडपणा जाणवू शकतो. बहुतेकदा तो हृदयाचा नसतो आणि थोड्या वेळात ओसरतो. पण ज्यांना अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आहे, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, बीपी ताब्यात नाही, त्यांनी ट्रिप्टान घ्यायचंच नाही, कारण ते हृदयाच्या रक्तवाहिन्याही थोड्या आवळतं. एर्गोटामाइन घेतल्यावर २४ तासांत ट्रिप्टान नाही. आणि प्रतिबंधासाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टानची मात्रा निम्मी, ५ मिलिग्रॅम, कारण प्रोप्रॅनोलॉलमुळे रक्तात ते जास्त साठतं. ही शेवटची जोडी चिठ्ठ्यांवर एकत्र येणं अगदी साहजिक आहे, म्हणून जरा जोर देऊन सांगतो.

तोंडात विरघळणाऱ्या रिझाट्रिप्टानबद्दल एक गैरसमज आहे. ती जिभेवर विरघळते म्हणून तिथूनच रक्तात जाते आणि लवकर काम करते, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ती लाळेबरोबर पोटातच जाते. फायदा एवढाच की लोकलमध्ये, मीटिंगमध्ये पाणी शोधावं लागत नाही आणि मळमळत असताना घोट गिळावा लागत नाही. उलट्याच थांबत नसतील तर नाकात मारायचा स्प्रे किंवा इंजेक्शन हे खरे पर्याय.

सुमाट्रिप्टानने डोकं उतरतं आणि रात्री पुन्हा चढतं, असंही होतं. झटका उपचाराविना ४ ते ७२ तास चालू शकतो आणि सुमाट्रिप्टानचा मुक्काम शरीरात थोडाच असतो. दर दोनेक तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. नॅप्रोक्सेन बराच जास्त वेळ टिकतं. दोन्ही एकत्र दिली तर एकेकट्या गोळीपेक्षा गुण चांगला येतो, तो या जोडीमुळेच. एक ट्रिप्टान दोन-तीन झटक्यांत, वेळेवर घेऊनही चाललं नाही, तर दुसरं चालू शकतं. सगळी एकाच घराण्यातली असली तरी माणसागणिक फरक पडतो.

इथवर सगळं ठीक. खरा घोटाळा होतो तो गोळी लागू पडते तेव्हा. लागू पडते म्हणून ती पर्समध्ये राहते, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहते, आणि महिन्यातून चार वेळा घेतली जाणारी गोळी आठ वेळा, बारा वेळा होते. मग एक दिवस लक्षात येतं की डोकं रोजच थोडं थोडं दुखतंय, सकाळी उठल्यापासूनच, आणि गोळी घेतली की दोन-तीन तास बरं, पुन्हा तेच. हे मायग्रेन वाढल्यासारखं वाटतं, पण ते औषधातून आलेलं दुखणं असतं. सतत औषध मिळणारा मेंदू वेदनेच्या बाबतीत जास्तच हळवा होतो. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामाइन, ट्रामाडोलसारखी अफूच्या वर्गातली औषधं किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की हे निदान पक्कं धरतात. मिश्र गोळ्यांत वासोग्रेन येते, आणि बसस्टँडवरच्या टपरीवरही मिळणारी, दोन वेदनाशामकं आणि कॅफिन असलेली सॅरिडॉनही येते.

इथे मोजायचे ते दिवस. एका दिवसात दोन गोळ्या घेतल्या तरी तो एक दिवस. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त झटका मोडायचं औषध घ्यायला लागू नये, हा व्यवहारात सोपा पडणारा नियम. दुधाचा आणि गॅस सिलिंडरचा हिशोब जिथे लिहितो त्याच कालनिर्णयवर गोळीच्या दिवशी एक फुली मारावी. मोबाइलमधली ॲप्स आहेत, पण भिंतीवरचं कॅलेंडर घरातल्या बाकीच्यांनाही दिसतं, आणि डॉक्टरांसमोर ‘महिन्यातून साधारण पाच-सहा वेळा’ असं आठवून सांगण्यापेक्षा तीन महिन्यांची पानं फाडून नेलेली बरी. आठवून सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमीच कमी असतो.

यातून बाहेर पडायचं तर ती गोळी थांबवावी लागते आणि पहिले काही दिवस वाईट जातात. डोकं जास्त दुखतं, झोप लागत नाही, मळमळतं. साध्या गोळ्या एकदम बंद करता येतात. अफूच्या वर्गातली मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. प्रतिबंधाचं औषध त्याच वेळी सुरू केलं तर हा काळ सुसह्य होतो.

प्रतिबंधाचं औषध कधी सुरू करायचं? महिन्यातून चार किंवा जास्त दिवस मायग्रेनमध्ये जात असतील, किंवा कमी असूनही प्रत्येक झटका आडवं पाडत असेल, तर तो विषय डॉक्टरांकडे काढावा. इथे एक अडचण येते, जिच्यामुळे अर्धे उपचार पहिल्या आठवड्यातच संपत असावेत असा माझा अंदाज आहे. डॉक्टर ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून देतात, पेशंट घरी येऊन गूगल करतो आणि दिसतं ‘डिप्रेशनवरचं औषध’. टोपिरामेट शोधलं तर ‘फिट्सची गोळी’. प्रोप्रॅनोलॉल शोधलं तर ‘बीपी, हृदयविकार’. मला वेडाची गोळी दिली, किंवा माझ्या हृदयात काही निघालं आणि मला सांगितलं नाही, असे निष्कर्ष काढून पाकीट कपाटात जातं.

खरी गोष्ट अशी की वर्षानुवर्षं चिठ्ठीवर येणारी ही प्रतिबंधक औषधं दुसऱ्याच आजारांसाठी बनली होती आणि मायग्रेनवरचा त्यांचा उपयोग नंतर कळला. प्रोप्रॅनोलॉलचं तर १९६० च्या दशकात सहज लक्षात आलं: अँजायनासाठी ते घेणाऱ्याचं जुनं मायग्रेन कमी झालं. ते दमा असणाऱ्यांना देत नाहीत, त्याने थकवा आणि हातपाय गार पडणं होऊ शकतं, आणि ते मनाने एकदम बंद करायचं नसतं. ॲमिट्रिप्टिलिनची मायग्रेनसाठीची मात्रा नैराश्यासाठीच्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते. ते रात्री घ्यायचं, तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, वजन वाढू शकतं; ज्यांची झोप मुळातच मोडकी आहे त्यांना मात्र त्याचा दुहेरी फायदा. टोपिरामेटने उलट वजन घटतं, पण बोटांना मुंग्या येतात आणि बोलताना नेमका शब्द सापडत नाही. शिक्षक, वकील, कॉल सेंटरवाले यांना हे फार जाचतं. त्याने मुतखड्याचा धोका वाढतो आणि घाम कमी येतो, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाण्याकडे विशेष लक्ष हवं. डोळा अचानक दुखू लागला किंवा धूसर दिसलं तर लगेच डॉक्टर. बीपीच्याच कॅन्डेसार्टानचाही चांगला उपयोग होतो, आणि ते तुलनेने मानवतं.

फ्लुनारिझिन या आणखी एका प्रतिबंधक औषधाबद्दल मला थोडं खटकतं. आपल्याकडे ते मुक्तहस्ते लिहिलं जातं, रात्री एक गोळी, सोपं. अमेरिकेत त्याला मान्यताच नाही, तरी गुण येतो याबद्दल वाद नाही. पण त्याने वजन वाढतं, काहींचं मन खूप उदास होतं, आणि वयस्करांमध्ये हात थरथरणं, हालचाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. सत्तरीच्या आजीला वर्षानुवर्षं तीच गोळी चालू असेल आणि हल्ली चालताना पाय घासत असतील, तर जुनी चिठ्ठी घेऊन जाऊन विचारा. प्रतिबंधासाठीच दिल्या जाणाऱ्या सोडियम व्हॅल्प्रोएटबाबत मात्र ठाम सांगायला हवं: त्याने गर्भात गंभीर व्यंगं होतात, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला मायग्रेनसाठी ते नको.

ही सगळी औषधं कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि योग्य मात्रेवर किमान दोन महिने दिल्याशिवाय निकाल लावायचा नसतो. यश म्हणजे झटके निम्म्यावर येणं. डोकं परत कधीच दुखणार नाही, असं कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकत असतो. गुण आला तर साधारण सहा महिने ते वर्षभर चालवून मग कमी करून पाहतात.

सीजीआरपीचा मघाशी उल्लेख केला. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असलेल्या पेशंटांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासून तिथे ते वाढलेलं दाखवलं. त्याला अडवणारं औषध बनवायला पुढे जवळपास तीन दशकं गेली. मधल्या एका गोळीने यकृताला त्रास होतो असं दिसल्यावर तिचं काम सोडून द्यावं लागलं. अखेर मे २०१८ मध्ये अमेरिकेत एरेनुमॅबला परवानगी मिळाली, मागोमाग फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब आणि एप्टिनेझुमॅब. ही अँटिबॉडीची इंजेक्शनं आहेत, बहुतेक महिन्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घ्यायची. सुस्ती नाही, शब्द हरवत नाहीत. एरेनुमॅबने बद्धकोष्ठ आणि काहींचं बीपी वाढणं एवढं पाहावं लागतं. या शोधासाठी गोड्सबी, एडविन्सन, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना मेंदू-संशोधनासाठीचं २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. सीजीआरपी अडवणाऱ्या गोळ्याही आल्या: यूब्रोजेपँट, रिमेजेपँट, अटोजेपँट. त्या रक्तवाहिन्या आवळत नाहीत आणि त्यांच्या वारंवार वापराने डोकेदुखी उलट वाढते असं दिसलेलं नाही. रिमेजेपँट तर झटका मोडायलाही चालतं आणि एक दिवसाआड घेतलं तर प्रतिबंधालाही. लास्मिडिटान हे आणखी एक, रक्तवाहिन्यांना हात न लावणारं. पण ते घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही.

अमेरिकन हेडेक सोसायटीने २०२४ मध्ये म्हटलं की सीजीआरपीवरची औषधं प्रतिबंधासाठी पहिल्या पायरीवरच द्यायला हरकत नाही. शास्त्र म्हणून पटतं. खिसा म्हणून आपल्याकडे बहुतेकांना आधी प्रोप्रॅनोलॉल आणि ॲमिट्रिप्टिलिनच परवडणार, आणि त्यात कमीपणा काही नाही. ती नीट घेतली तर बऱ्याच जणांचं भागतं. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठी बोटॉक्सही आहे, २०१० पासून मान्यता असलेलं: कपाळ, कानशिलं, मान, खांदे मिळून ३१ ठिकाणी बारीक सुया, दर १२ आठवड्यांनी. कमी वेळा येणाऱ्या मायग्रेनला त्याचा उपयोग नाही.

मायग्रेन बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट प्रमाणात होतं, तेव्हा त्यांच्यापुरतं थोडं. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन घसरतं आणि झटका येतो. पाळी नियमित असेल तर त्या दोन-चार दिवसांपुरतं नॅप्रोक्सेन आधीपासून देतात. ऑरा येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, पक्षाघाताचा धोका वाढतो; सण, लग्नकार्य म्हणून पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून गोळी आणण्याआधीही डॉक्टरांना ऑराचं सांगावं. गरोदरपणात पहिली पसंती पॅरासिटामॉल. टोपिरामेट चालू असेल तर दिवस जाण्याआधीच, म्हणजे मुलाचा विचार सुरू झाला की, ते बदलून घ्यावं. बऱ्याच जणींचं मायग्रेन चौथ्या महिन्यापासून आपोआप उतरतं.

आणि काही डोकेदुखींना यातली एकही गोळी घेत बसायचं नसतं. क्षणार्धात आलेली, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी. तापाबरोबर मान आखडणं. हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेलं. यातलं काहीही असेल तर थेट दवाखाना गाठावा, आणि मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाले तर त्याच दिवशी.